पिकअपलाही ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळावी

संपादक महोदय,

आजोबांची एफसी-१५० जीप-पिकअप वडिलांकडून माझ्याकडे आली. मिस्त्रींनी इंजिन उतरवून पुन्हा बांधलं, पाटे (चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) बदलले. मागच्या, माल ठेवायच्या हौद्याचा सडलेला पत्रा कापावाच लागला. पण गुळाच्या रव्यांनी, म्हणजे जड ढेपांनी, पडलेले पोचे आम्ही मुद्दाम राखलेत. केंद्राने जुलै २०२१ मध्ये पन्नाशी ओलांडलेल्या गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ म्हणजे जपलेल्या जुन्या गाड्यांची वेगळी नोंदणी आणली, हे उत्तमच झालं. मात्र ती फक्त दुचाकी आणि एम-१ वर्गातल्या प्रवासी चारचाकींना. पिकअप मालवाहू, म्हणून बाहेर! ज्या गाड्यांनी शेतकऱ्यांचे संसार ओढले, त्या मग भंगारात जातात. भाडं न मारणाऱ्या, घरगुती जुन्या पिकअपना या नियमात घ्यावं, अशी परिवहन मंत्रालयाला कळकळीची विनंती.

– एक वाचक, कोल्हापूर