ओझरच्या इन्स्पेक्शनवाल्या काकांना, मनापासून थँक्यू

काका, फोनवर काही बोलायला गेलं की तुम्ही "आभार बिभार काय मानतोस रे" म्हणून विषयच उडवून लावता, म्हणून इथे लिहितोय, सगळ्यांना वाचू देत.

नाशिकच्या अंबडमधलं आमचं वर्कशॉप म्हणजे तीन मशीन आणि पाच माणसं. इतकी वर्षं गाड्यांचे पार्ट केले आणि गेल्या वर्षी पहिल्यांदा एका व्हेंडरमार्फत लष्करी हेलिकॉप्टरच्या रेस्क्यू विंचच्या, म्हणजे अडकलेल्या माणसांना तारेने वर खेचणाऱ्या यंत्राच्या, पिना मिळाल्या, ४० नग, ४३४० नावाचं कडक स्टील, वरून कॅडमियम प्लेटिंग, म्हणजे गंजू नये म्हणून धातूचा पातळ थर. मापं एकदम बसलेली, पिना चकाचक, मी पेढे आणायच्या तयारीत, आणि तुम्ही आलात, एक पिन हातात घेतली, मापायच्या भानगडीत पडलाच नाहीत, म्हणालात, "बेकिंगचा कागद कुठाय?"

कागद नव्हता. प्लेटिंगवाल्याने शनिवारी संध्याकाळी माल टाकीतून काढला आणि बेकिंगसाठी भट्टीत घातला थेट सोमवारी. मला वाटलं दोन दिवसांनी असा काय फरक पडतो. तुम्ही स्टुलावर बसून सांगितलंत ते अजून कानात आहे, की प्लेटिंग होताना हायड्रोजन स्टीलच्या आत शिरतो, इतकं कडक स्टील त्याने ठिसूळ होतं, म्हणून ४ तासांच्या आत भट्टीत घालून १९० अंशांवर २३ तास ठेवायचं. उशीर झाला तर आत तडे सुरू झालेले असू शकतात, बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही, आणि लोड आला की पिन एक दिवस कट्कन जाते.

मग विंचच्या तारेचं सांगितलंत. जेमतेम ५ मिलिमीटर जाडीची, आत १३३ बारीक तारा, तपासताना सुती फडकं धरून सगळी तार त्यातून ओढायची, एखादी तुटली असेल तर फडक्याचा धागा अडकतो. "तारेची एवढी काळजी घेतात बाळा, आणि ती ज्याच्यावर टांगलीय ती पिन तुझी." माझी मावशी गोदावरीकाठच्या सायखेड्याची. २०१९ च्या पुरात ती माणसं रात्रभर गच्चीवर पाणी बघत बसलेली, त्यामुळे हे ऐकून मला पुढे काही बोलताच येईना.

चाळीसच्या चाळीस पिना आपण त्याच संध्याकाळी ग्राइंडरवर कापल्या, चुकून पुन्हा कुणाच्या हाती लागायला नकोत म्हणून. पैसे गेले, वाईट वाटलं, पण तुम्ही होतात. दुसऱ्या लॉटला स्टीलच्या बारच्या हीट नंबरपासून (बार कुठल्या वितळणीतला ते सांगणारा नंबर) प्रत्येक कागद तुम्ही माझ्याकडून तयार करून घेतलात, आणि प्लेटिंगच्या दिवशी ऐन मे महिन्यात, गुडघ्याचं दुखणं असताना, स्वतः तिथे खुर्ची टाकून बसलात. टाकीतून बाहेर २:४०, भट्टीत ४:१०, दुसऱ्या दिवशी भट्टी उघडली ३:१० ला, हे तुमच्या अक्षरातलं मी वर्कशॉपच्या भिंतीवर लावलंय. तो लॉट पास झाला काका, एकही पिन परत आली नाही.

आम्ही उपनगरला राहतो, इथल्याच गांधीनगरच्या लष्करी तळावरची हेलिकॉप्टरं रोज डोक्यावरून जातात. आधी वर बघायचोसुद्धा नाही, आता हातातलं काम थांबतं.

तुम्ही एक रुपया घेतला नाहीत. निदान तुमचा मायक्रोमीटर तरी परत घ्या, माझ्याकडेच राहिलाय, रविवारी घेऊन येतो. नवीन ड्रॉइंग आलंय, तेही सोबत आणतो.