मिशिगन सरोवराकाठून पैठणला

तीर्थरूप बाबा आणि आई यांना शिरसाष्टांग नमस्कार.

मी खुशाल आहे. थंडी सोसवते, जेवण वेळेवर होते आणि मी होडीवर जात नाही; माझे काम मासे धुरीवर धरतात त्या धुरीघरात असते, तेव्हा ती काळजी मनातून काढून टाका. ‘मासेच करायचे होते तर उदगीरला शिकून इतक्या लांब कशाला गेला?’ असे काका म्हणाल्याचे आईने सांगितले, ते मनातून जात नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

मी ज्यांच्याकडे आहे त्यांची ही चौथी पिढी. मालकांचे पणजोबा नॉर्वेहून विस्कॉन्सिनला आले आणि सरोवरात ट्राउट मासे धरू लागले. पुढे कालव्यावाटे लॅम्प्रे नावाचा, वांबीसारखा दिसणारा आणि माशांचे रक्त शोषणारा समुद्री जीव आत शिरला. 1936 साली तो या सरोवरात सापडला आणि वीसेक वर्षांत ट्राउट जवळजवळ संपला. पुष्कळांनी होड्या विकल्या. यांनी विकली नाही. ट्राउट गेल्यावर चब नावाचा लहान मासा वाढला होता. तो मालकांच्या आजीने मिठाच्या पाण्यात रात्रभर मुरवून मॅपलच्या लाकडाच्या धुरीवर धरला आणि त्यावर घर तरले. मासा आतून 63 अंशांवर अर्धा तास राहिला, याची नोंद आज माझ्या सहीने होते. आजी मात्र पाठीचा पर ओढून पाहायची, आणि तो अलगद हातात आला की मासा झाला.

आई, येथील एक रीत ऐकून घाबरू नकोस. अंगणात चुलीवर मोठे भांडे ठेवून बटाटे, कांदे आणि व्हाइटफिश खारट पाण्यात उकळतात, आणि शेवटी चुलीत रॉकेल फेकतात! रॉकेल भांड्यात नव्हे, जाळात पडते. भडका उडून भांडे उतू जाते आणि वर आलेला तेलकट फेस बाहेर वाहून जातो. माशाला रॉकेलचा वास मुळीच येत नाही, मी स्वतः खाल्ला आहे.

बाबा, 1976 साली नाथसागर झाला तेव्हा वाहत्या गोदावरीत जाळे लावण्याची आजोबांची सारी विद्या पणाला लागली, तरी त्यांनी धंदा सोडला नाही, हे तुम्हीच सांगत आलात. म्हणून ताईच्या लग्नासाठी होडी विकण्याचे जे बोलणे चालले आहे ते थांबवावे, अशी हात जोडून विनंती आहे. दोन लाख रुपये याच आठवड्यात आईच्या खात्यावर येतील आणि उरलेले मार्चपर्यंत पाठवीन. तुळशीच्या लग्नानंतरची तारीख धरल्यास मला येता येणार नाही, कारण नाताळच्या मागणीचे दिवस तेच असतात आणि धुरीघर माझ्यावर सोपवलेले आहे. ताईला हे मी अजून सांगितलेले नाही. आई, तूच सांग. अक्षता टाकताना माझ्या वाटच्या दादाला टाकायला लावा, आणि होडीला डांबर लावण्याचे पैसे त्या दोन लाखांतूनच घ्या.

आपला,
बाळू