क्यूत टाकलंस की हात काढ

मुलुंड, मुंबई

प्रिय विनय,

सप्रेम नमस्कार.

मस्जिद बंदरच्या पेढीसाठी लिहिलेला तुझा बिलांचा पायथॉन प्रोग्राम पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. कामाची विभागणी चांगली आहे. एक थ्रेड (प्रोग्रामच्या आत इतरांबरोबर एकाच वेळी चालणारा कामकरी) स्कॅनरच्या फोल्डरवर नजर ठेवतो, चार थ्रेड बिलं वाचतात, आकडे एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये जातात आणि मुख्य थ्रेड खिडकीत प्रगती दाखवतो. गोंधळ आहे तो या सगळ्यांच्या आपसातल्या देवाणघेवाणीत. सहाही थ्रेड एकाच यादीत हात घालतायत, आणि जिथे काही बिनसलं तिथे तू एकेक लॉक (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं कुलूप) ठोकत गेलायस. आता पाच लॉक झालेत आणि कुठला आधी घ्यायचा याचा काही नियम नाही. एका थ्रेडने पहिला घेऊन दुसऱ्याची वाट बघायची, दुसऱ्याने दुसरा घेऊन पहिल्याची, की दोघंही जागच्या जागी गोठले. महिनाअखेरीला गर्दी वाढली की प्रोग्राम मान टाकतो, त्याचं कारण मला यातच दिसतं.

पाचही लॉक काढून टाक. यादीही काढ. तिच्या जागी दोन क्यू (एकाने मागून टाकायचं, दुसऱ्याने पुढून उचलायचं अशा रांगा) ठेव: फोल्डरवाल्याकडून वाचणाऱ्यांकडे जाणारी एक, आणि वाचणाऱ्यांकडून डेटाबेसमध्ये लिहिणाऱ्याकडे जाणारी दुसरी. लिहिणारा वेगळा थ्रेड कर, त्याचं कारण पुढे येईल.

'पायथॉनमध्ये जीआयएल आहे, मग एका वेळी एकच थ्रेड चालतो, लॉक कशाला?' असं तू विचारलंस. जीआयएल म्हणजे पायथॉनचा कोड चालवणाऱ्या इंटरप्रिटरचा एकच मोठा लॉक. तो इंटरप्रिटरचं स्वतःचं पोट सांभाळतो, तुझा हिशेब नाही. 'एकूण += 1' हे वाचा, मिळवा, परत ठेवा असं तीन पावलांचं काम आहे आणि मध्येच दुसऱ्या थ्रेडला पाळी मिळू शकते. पाळी बदलण्याची ठरलेली मुदत 5 मिलिसेकंद आहे. गंमत म्हणजे पायथॉन 3.10 पासून पाळी बदलायची की नाही हे इंटरप्रिटर मोजक्याच ठिकाणी तपासतो, त्यामुळे छोट्या चाचणीत बेरीज बरोबर येते आणि माणूस निर्धास्त होतो. तशी कुणी हमी दिलेली नाही. जीआयएल नसलेली पायथॉनची बांधणी 3.13 पासून मिळू लागली आहे, तिच्यावर असला कोड उघडा पडेल.

आता क्यूच्या पोटात काय असतं ते बघ, म्हणजे तिच्यावर कशासाठी विसंबायचं ते कळेल. पायथॉनच्या 'क्यू.क्यू'मध्ये आत एक साधा डेक (दोन्ही टोकांनी घालता-काढता येणारी यादी), एकच लॉक आणि त्याच लॉकवर बसलेल्या तीन कंडिशन (अट पुरी होईपर्यंत थ्रेडला झोपवणाऱ्या) असतात: 'रिकामी नाही', 'भरलेली नाही' आणि 'सगळी कामं झाली'. 'गेट' (क्यूतून उचलणं) करणारा लॉक घेतो, क्यू रिकामी असेल तर लॉक सोडून झोपतो, आणि कुणी 'पुट' (क्यूत टाकणं) केलं की उठवला जातो. उठल्यावर तो लगेच वस्तू उचलत नाही, क्यू खरंच रिकामी नाही ना हे पुन्हा तपासतो, कारण मधल्या क्षणात दुसऱ्याने ती नेलेली असू शकते. सी++ मध्ये स्वतःच्या हाताने हे लिहिणारे तिथे 'व्हाइल'ऐवजी 'इफ' लिहितात आणि मग आठवडाभर चूक शोधत बसतात. मर्यादित जागेचा हा प्रश्न डच संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्राने 1965 मध्ये सेमाफोर (मोजणी ठेवणारा सिग्नल) वापरून सोडवून दाखवला होता, तेव्हा यात नवं असं काही नाही. पायथॉनने तो लिहून तुझ्या हाती दिलाय, तोच वापर.

याच कारणाने तुझी 'इफ नॉट एम्प्टी, मग गेट' ही ओळ चुकीची आहे. 'एम्प्टी'ने 'नाही' म्हणेपर्यंत ते खरं असतं, पुढच्या ओळीला असेलच असं नाही. चार थ्रेड एकाच शेवटच्या बिलावर टपून असतील तर एकाला ते मिळेल आणि तीन 'गेट'वर अडकतील. क्यूची लांबी सांगणाऱ्या 'क्यूसाइझ'चंही तेच, तो आकडा फक्त खिडकीत दाखवायला ठेव. सरळ 'गेट' कर, किंवा थांबायचं नसेल तर 'गेट_नोवेट' करून 'एम्प्टी' हा अपवाद पकड.

पण क्यू जागेवर असूनही डेटा बिघडतो, आणि तुझ्या कोडमध्ये तो बिघडणारच आहे. क्यू वस्तूची प्रत करत नाही, फक्त तिच्याकडे बोट दाखवणारा संदर्भ पुढे देते. तू लूपच्या बाहेर एकच 'बिल' डिक्शनरी (नाव आणि त्याची किंमत अशा जोड्यांची वस्तू) बनवलीयस आणि प्रत्येक फेरीत तिच्यातली पक्षकार, रक्कम, जीएसटी क्रमांक ही खाती बदलून तीच 'पुट' करतोयस. क्यूत दहा नोंदी दिसतील, पण दहाही एकाच डिक्शनरीकडे जाणाऱ्या. लिहिणारा उचलेपर्यंत तिच्यात शेवटच्या बिलाचे आकडे आलेले असतील, आणि पेढीच्या वहीत एकाच पक्षकाराची दहा बिलं उमटतील. एखादी चूकसुद्धा दिसणार नाही, प्रोग्राम सुखाने चालत राहील. म्हणून प्रत्येक बिलाला नवी वस्तू बनव, शक्यतो बदलता न येणारी: नेमड टपल किंवा 'फ्रोझन' डेटाक्लास. आणि 'पुट' झाल्यावर त्या वस्तूवर तुझा हक्क संपला असं धर. वाचायचीही नाही, बदलायचीही नाही. या सगळ्या पत्रातलं एकच काही पाळायचं असेल तर हे पाळ.

आता क्यू केवढी ठेवायची ते. काहीच सांगितलं नाहीस तर 'मॅक्ससाइझ' शून्य असतो, म्हणजे क्यू अमर्याद. तूच दिलेले आकडे घेऊ. स्कॅनर मिनिटाला 40 पानं टाकतो. एक पान वाचायला 8 सेकंद लागतात, म्हणजे चार थ्रेड मिळून मिनिटाला 30. दर मिनिटाला 10 पानं मागे पडतात, सहा तासांत 3600. त्यात तू क्यूत टाकणार उघडलेलं चित्र! ए-4 पान, 300 डीपीआय, रंगीत, म्हणजे 2480 गुणिले 3508 गुणिले 3 बाइट, जवळजवळ 26 एमबी. 3600 पानांचे 90 जीबीच्या वर जातात. यंत्राची मेमरी त्याच्या कितीतरी आधी संपेल.

त्यामुळे क्यूत फक्त फाइलचा पत्ता टाक, चित्र ज्याला वाचायचंय त्याने उघडावं. आणि 'मॅक्ससाइझ' 16 ठेव. क्यू भरली की 'पुट' आपोआप थांबतं, सोसायटीच्या टाकीतला फ्लोट वर आला की पाणी थांबतं तसं. फोल्डरवाला थांबला तरी काही बिघडत नाही, फाइली डिस्कवर आहेतच. 16 हा आकडा पवित्र नाही. हिशेब लिटलच्या नियमाने कर: क्यूत सरासरी जितकी कामं, भागिले बाहेर पडण्याचा वेग, म्हणजे एका कामाला लागणारा थांबा. 16 पानं आणि मिनिटाला 30, तर शेवटचं पान 32 सेकंद थांबेल. 500 ठेवलंस तर सोळा-सतरा मिनिटांचा थांबा नक्की, आणि बटण दाबून बंद करायला गेलास की तेवढं सगळं उपसत बसावं लागेल. मोठी क्यू वेग वाढवत नाही, फक्त झटके पचवते. वेग हवा असेल तर वाचणारे सहा कर, मिनिटाला 45 होतील. मात्र यंत्रात तेवढे कोअर हवेत. पानावरची अक्षरं ओळखणारा टेसरॅक्ट हा प्रोग्राम पायटेसरॅक्ट ही लायब्ररी प्रत्येक पानाला वेगळा प्रोसेस म्हणून चालवते, त्यामुळे जीआयएल आड येत नाही. पण टेसरॅक्ट स्वतःही आत अनेक थ्रेड काढतो, आणि सहा प्रोसेस मिळून कोअरसाठी भांडतात. एन्व्हायर्नमेंटमध्ये 'ओएमपी_थ्रेड_लिमिट' 1 करून ठेव.

एक सापळा मात्र मर्यादित क्यूमुळेच तयार होतो. बिल नीट वाचलं गेलं नाही तर तुझा वाचणारा थ्रेड ते पुन्हा पहिल्याच क्यूत टाकतो. क्यू भरलेली असताना चारही जणांनी एकदम तसं केलं तर चारही 'पुट'वर थांबतील, आणि त्या क्यूतून काढणारा कुणीच उरणार नाही. ज्या क्यूतून घेतोस तिच्यातच परत टाकायचं नाही. वाचणाऱ्याने जागेवरच दोनदा प्रयत्न करावा, नाही जमलं तर 'वाचता आलं नाही' अशी खूण करून ते दुसऱ्या क्यूत पुढे द्यावं. आणि प्रत्येक बिलाभोवती 'ट्राय' (चूक पकडणारा भाग) हवाच. नाहीतर एक फाटकं पान एक थ्रेड मारतं, चार पानं चारही मारतात, आणि फोल्डरवाला भरल्या क्यूपाशी उभा राहतो तो कायमचा. फोल्डरवाल्याबद्दल आणखी एक: स्कॅनर फाइल हळूहळू लिहितो, दिसली की लगेच उचलू नकोस. दोन सेकंदांच्या अंतराने आकार दोनदा बघ, तोच असेल तर टाक.

बंद कसं करायचं हे लोक शेवटी ठरवतात, आणि बहुतेक प्रोग्राम तिथेच बिल हरवतात. थांबण्यासाठी एक 'इव्हेंट' (थ्रेडना खूण देणारा झेंडा) ठेव. फोल्डरवाल्याने 'स्लीप(2)'ऐवजी त्या इव्हेंटवर 'वेट(2)' करावं, म्हणजे बटण दाबताच तो जागा होतो. पहिल्या क्यूत टाकणारा तो एकटाच, म्हणून आवराआवरही त्यानेच करावी. आधी वाचणारे जितके तितके 'नन' ('आता काही नाही' ही खूण) पहिल्या क्यूत टाकायचे. प्रत्येक वाचणारा एक 'नन' उचलतो आणि संपतो. मग त्या सगळ्या थ्रेडवर 'जॉइन', म्हणजे ते संपेपर्यंत वाट बघायची. ते पूर्ण झाल्यावरच दुसऱ्या क्यूत एक 'नन', आणि शेवटी लिहिणाऱ्यावर 'जॉइन'. क्रम उलटला आणि लिहिणाऱ्याचा 'नन' आधी गेला, तर त्याच्या मागून आलेली बिलं क्यूतच पडून राहतात, डेटाबेसमध्ये पोचत नाहीत. पायथॉन 3.13 पासून क्यूला 'शटडाउन' मिळालंय: त्यानंतर 'पुट' केलं की अपवाद येतो आणि क्यू उपसून झाली की 'गेट'लाही. पेढीवरच्या यंत्रात ती आवृत्ती असेल तर 'नन' मोजायची कटकट नाही. क्रम मात्र तोच.

'टास्क_डन' ('एक काम झालं' अशी नोंद) आणि क्यूचं 'जॉइन' तुला लागतच नाही, कारण आपण थ्रेडवरच 'जॉइन' करतोय. ठेवायचंच असेल तर 'फायनली'मध्ये (चूक झाली तरी चालणाऱ्या भागात) ठेव. एक कमी पडलं तर 'जॉइन' कधीच सुटत नाही, त्याला टाइमआउटही देता येत नाही, आणि एक जास्त झालं तर 'व्हॅल्यूएरर'. लिहिणाऱ्या थ्रेडला 'डीमन' करू नकोस. डीमन थ्रेड प्रोग्राम संपताना होता तिथे तोडला जातो, कमिट न झालेल्या, म्हणजे डेटाबेसमध्ये पक्क्या न झालेल्या नोंदी गेल्या.

लिहिणारा एकच का, तर पायथॉनमध्ये एसक्यूलाइटचं कनेक्शन ज्या थ्रेडने उघडलं त्यानेच वापरावं लागतं, दुसऱ्याने हात लावला की 'प्रोग्रामिंगएरर'. तू 'चेक_सेम_थ्रेड' बंद करून ती तक्रार दाबलीस, ते परत सुरू कर. कनेक्शन लिहिणाऱ्याच्या आतच उघड. शिवाय दर नोंदीला कमिट नको. प्रत्येक कमिटला डिस्कवर खरोखर लिहून होईपर्यंत थांबावं लागतं, 7200 आरपीएमच्या डिस्कवर ते सेकंदाला 60 च्या आसपासच होतात. पहिली नोंद थांबून 'गेट'ने घे, मग 'गेट_नोवेट'ने मिळतील तेवढ्या 50 पर्यंत उचल, आणि सगळ्यांना मिळून एक कमिट कर. उचलता उचलता 'नन' हाती लागला तर जमलेलं आधी कमिट कर, मगच बाहेर पड.

खिडकीसाठी तिसरी छोटी क्यू कर, ही मात्र अमर्याद असू दे, तिच्यात नुसते आकडे जातात. 'टीके' या खिडक्या बनवणाऱ्या लायब्ररीच्या विजेटना (बटण, पट्टी वगैरे) मुख्य थ्रेडशिवाय कुणी हात लावायचा नाही. मुख्य थ्रेडने 'आफ्टर(100)' (100 मिलिसेकंदांनी पुन्हा बोलाव) लावून दर वेळी 'गेट_नोवेट'ने क्यू रिकामी करावी आणि पट्टी पुढे सरकवावी. बटणाच्या फंक्शनमध्ये थ्रेडवर 'जॉइन' करू नकोस, खिडकी गोठेल.

इंटरनेटवरून क्यूचा कोड उचलताना नाव नीट बघ. 'असिंकआयओ'ची क्यू थ्रेडसाठी नाही. 'मल्टिप्रोसेसिंग'ची क्यू वस्तू पिकल करून (बाइटांत बदलून) पाइपमधून पाठवते, थ्रेडमध्ये तिचा उगाच खर्च. बिलं महत्त्वाप्रमाणे लावायला 'प्रायॉरिटीक्यू' घेतलीस तर टपलमध्ये दुसऱ्या जागी चढता क्रमांक घाल, नाहीतर समान महत्त्वाची दोन बिलं आली की ती बिलांचीच तुलना करायला जाईल आणि 'टाइपएरर' येऊ शकतो.

सगळं बदलून झालं की आधी दोन्ही क्यूंचा 'मॅक्ससाइझ' 1 कर आणि वाचणाऱ्यात यादृच्छिक झोप घालून 200 पानं सोड. अडकायचं असेल तर तिथेच अडकेल. सुरुवातीला 'फॉल्टहँडलर'चं 'डम्प_ट्रेसबॅक_लेटर(60)' लाव, मिनिटभराने प्रत्येक थ्रेड कुठल्या ओळीवर उभा आहे ते छापून येईल. दोघं 'पुट'वर आणि घेणारा कुणीच नाही, असं काही दिसलं तर तो कागद तसाच मला पाठव.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
शेखर