मार्शलसीची भिंत

प्रिय मित्रा,

फोनवर नीट सांगता आलं नसतं म्हणून लिहायलाच बसलो. काल लंडनमधे बरो हाय स्ट्रीटला गेलो होतो, मार्शलसी तुरुंगाची भिंत बघायला. तुरुंग १८४२ मधेच बंद झाला, आता दक्षिणेकडची विटांची भिंत तेवढी उरलीय, आणि लायब्ररीशेजारच्या बोळात शिरलं की आपण उभे असतो ती तुरुंगाची आतली बाजू, हे कळल्यावर बराच वेळ हलवेना मला.

१८२४ मधे कादंबरीकार चार्ल्स डिकन्सच्या वडलांना इथं डांबलं, बेकरीवाल्याची ४० पौंड १० शिलिंग उधारी थकली म्हणून. माणूस आत, कमाई बंद, मग तो फेडणार कशातून रे? आई आणि धाकटी भावंडं पण तुरुंगातच राहायला गेली, आणि १२ वर्षांचा चार्ल्स एकटा बाहेर, आत्ताच्या चेरिंग क्रॉस स्टेशनजवळ नदीकाठी बूट पॉलिशच्या कारखान्यात बरण्यांना लेबलं चिकटवत. पुढे त्याला लँट स्ट्रीटला खोली मिळाली तेव्हा सकाळी तुरुंगात घरच्यांबरोबर नाश्ता करायचा नि तिथून कामावर जायचा. लँट स्ट्रीट ते भिंत मी चालत गेलो, अगदी हाकेच्या अंतरावर आहे.

आठवतं, डिकन्सची डेव्हिड कॉपरफील्ड कादंबरी वाचताना तू म्हणाला होतास की एवढ्याशा पोराला बाटल्या धुवायला लावलंय ते उगाच रडवायला, आणि मी पण हो म्हणालो होतो? चुकलो आपण. हे सगळं डिकन्सनं स्वतःच्या मुलांना पण कधी सांगितलं नाही, एका जवळच्या मित्राला सांगितलं, आणि १८७० मधे तो गेल्यावर त्या मित्रानं चरित्र लिहिलं तेव्हा लोकांना कळलं. इतकी वर्षं कसं धरून ठेवलं असेल मनात!

भिंतीपलीकडे सेंट जॉर्ज चर्च आहे. त्याच्या त्याच नावाच्या कादंबरीतली लिटल डॉरिट याच तुरुंगात जन्मलेली, एकदा उशीर होतो, गेट बंद, रात्रभर रस्त्यावर काढून ती पहाटे याच चर्चमधे झोपते, उशाला मयतांची नोंदवही घेऊन. आता तिथल्या पूर्वेच्या रंगीत काचेत ती आहे, गुडघे टेकून बसलेली, पण खूप खाली आणि इतकी लहान की पहिल्यांदा मला दिसलीच नाही. तू आलास की आधी तुला तिथंच नेणार.

तुझाच