प्रार्थनेत मन लागत नाही, त्याबद्दल

प्रिय मित्रा,

सप्रेम सलाम.

पत्र मिळालं. सकाळी बायबल घेऊन बसतोस, डोळे मिटतोस आणि पाचव्या मिनिटाला सोसायटीच्या टँकरचा हिशेब डोक्यात सुरू होतो, असं लिहिलंयस. त्यापुढं लिहिलंयस की बहुतेक आपला विश्वासच आटला, आणि मंडळी, म्हणजे आपलं चर्च, बदलून पाहावी असं वाटतंय. हिशेबाचं खरं असेल. विश्वास आटला हे मला पटत नाही. मन न लागणं वेगळं आणि विश्वास आटणं वेगळं. प्रार्थनासभांतल्या साक्षी ऐकून ऐकून आपण दोन्हींची गल्लत करतो. 'गेले आठ महिने प्रार्थनेत मला काहीच वाटलेलं नाही, तरी रोज बसतोय' अशी साक्ष द्यायला कोणी उभं राहत नाही. खरं तर राहायला हवं.

इजिप्तच्या वाळवंटातल्या जुन्या साधकांना हे पक्कं ठाऊक होतं. अब्बा अगाथोनला भावांनी विचारलं, सगळ्यात कष्टाचं काम कुठलं? तो म्हणाला, प्रार्थना. बाकी कुठल्याही कामात चिकाटी धरली की माणसाला विसावा मिळतो, प्रार्थनेत मात्र शेवटच्या श्वासापर्यंत झुंज. पौलानंही इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात कमरपट्टा, उरस्त्राण, ढाल, शिरस्त्राण, तरवार असं सगळं अंगावर चढवून झाल्यावर लगेच प्रार्थना आणि जागरणच सांगितलंय. शस्त्रं घालून माणूस आरामाला जात नाही.

तुझं दुखणं सगळ्यात नेमकं टिपलंय ते पोंतच्या इवाग्रियसनं. हा काही अडाणी बैरागी नव्हता. कॉन्स्टँटिनोपलमध्ये डीकन, म्हणजे चर्चचा दीक्षित सेवक, होता, ३८१ च्या धर्मपरिषदेच्या धामधुमीत तिथंच होता, बोलण्यात पटाईत. एका विवाहित बाईत मन गुंतलं, तेव्हा शहर सोडून यरुशलेमला गेला आणि तिथून इजिप्तला. केलिया नावाच्या झोपड्यांच्या वस्तीत राहिला, ३९९ मध्ये तिथंच वारला. साधकाला छळणाऱ्या आठ विचारांची त्यानं यादी केली: खादाडपणा, कामवासना, धनलोभ, खिन्नता, राग, कंटाळा, मोठेपणाची हाव, गर्व. पुढं सात घोर पापांची यादी झाली ती यातूनच. यातला कंटाळा त्यानं सगळ्यात जड मानला. एक्याण्णवाव्या स्तोत्रात भर दुपारी घात करणाऱ्याचा उल्लेख आहे ना, तो हाच असं त्याचं म्हणणं.

हा कंटाळा कसा चढतो ते बघ. सकाळी दहाच्या सुमारास येतो, दोनपर्यंत पिच्छा सोडत नाही. आधी सूर्य हलेनासा होतो, दिवस पन्नास तासांचा वाटतो. मग साधक पुन्हा पुन्हा बाहेर डोकावतो, तीन वाजायला किती अवकाश आहे ते बघतो, कारण जेवण तीनला. मग इकडंतिकडं पाहतो, कोणी भाऊ गप्पा मारायला येतोय का. मग ही जागा वाईट, हातातलं काम वाईट, इथल्या लोकांत प्रेमच उरलेलं नाही, आपली विचारपूस करणारं कोणी नाही. अलीकडं कोणी दुखावलं असेल तर ते नेमकं आत्ता आठवतं. मग दुसरी एक जागा डोळ्यांपुढं येते, तिथं सगळं सोपं असणार. आणि शेवटी ठेवणीतला मुद्दा: देव काय, सगळीकडंच आहे, त्याची भक्ती कुठंही करता येते.

या शेवटच्या मुद्द्यावर जरा थांब. तो वचनाला धरून आहे, म्हणूनच घातक आहे. कंटाळा कधी 'देव सोड' म्हणत नाही. तो म्हणतो जागा सोड, वेळ बदल, पद्धत बदल, दुसऱ्या पास्टरांचे व्हिडिओ लाव. इवाग्रियसचा उपाय अगदी रुक्ष आहे: खोलीतून उठू नको. जेवढा वेळ ठरवलाय तेवढा पुरा कर.

अकराशेहून जास्त वर्षांनंतर येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोलांनी हाच उपाय एक पाऊल पुढं नेला. (तुझ्या आजीला हे कॅथोलिक वळण रुचलं नसतं, पण ऐक.) मन कोरडं असताना तासभर बसणं जड जातं, अशा वेळी ठरलेल्या तासापेक्षा थोडं जास्तच बसावं असं ते सांगतात. कारण उघड आहे. कोरडेपणाला एकदा कळलं की हा माणूस पाच मिनिटं आधी उठतो, की उद्या तो दहा मिनिटं मागणार. तू पंधरा मिनिटं बसत असशील तर कोरड्या दिवशी सतरा बस. तासभर नको. चाळीस दिवसांच्या उपासात एकदम तासाचा नेम धरणारे किती जण तिसऱ्या आठवड्यात दिसेनासे होतात, ते आपण दोघांनी पाहिलंय.

आता बसायचं कसं. फोन दुसऱ्या खोलीत. बायबल छापील हवं. फोनवरच्या बायबलच्या डोक्यावर बँकेचा मेसेज येऊन बसतो. बसण्याआधी जागेपासून एक-दोन पावलांवर उभं राहा, प्रभूची प्रार्थना म्हणायला लागतो तेवढा वेळ, आणि देव आपल्याकडं बघतोय एवढंच मनात आण. ही सूचनाही इग्नेशियसांचीच. ती गाळली तर पहिली पाच मिनिटं अंग बसलेलं आणि मन अजून स्वयंपाकघरात, असं होतं. गुडघ्यांवर, पालथं पडून, बसून, उभं राहून, कसंही चालतं. पण एका आसनात मन लागलं की ते बदलायचं नाही. झोप येत असेल तर उभा राहा, सैतानाला दोष देण्याआधी रात्री किती वाजता झोपलास ते आठव.

शब्द कुठले? स्वतःचे शब्द सुचत नसतील तर ओढूनताणून आणू नकोस. प्रोटेस्टंट पंथाचा प्रणेता मार्टिन ल्यूथरनं १५३५ मध्ये आपल्या न्हाव्याला, पीटरला, प्रार्थना कशी करावी यावर एक छोटं पुस्तक लिहून दिलं. त्यात तो सांगतो की दहा आज्ञांपैकी एकेक घे आणि तिचे चार पदर कर: यात मला काय शिकवलंय, कशाबद्दल आभार मानू, कशाची कबुली देऊ, काय मागू. चारी पदर एकाच बैठकीत झाले पाहिजेत असं नाही. मध्येच एखादा विचार जिवंत झाला तर बाकीचं सोडून गप्प राहून तोच ऐक, असंही तो बजावतो. गंमत म्हणजे त्याच काळात समोरच्या, कॅथोलिक छावणीतले इग्नेशियसही तेच सांगत होते: प्रभूची प्रार्थना घे, पहिल्या 'पित्या' शब्दावर थांब, त्यातून काही मिळतंय तोवर पुढं सरकू नकोस, सगळा तास त्यातच गेला तरी चालेल, उरलेली प्रार्थना शेवटी नेहमीसारखी म्हणून टाक. एकमेकांना पाखंडी ठरवणाऱ्या दोन बाजू इथं मात्र एकच बोलतात.

ल्यूथरनं न्हाव्याला त्याच्याच धंद्यातला दाखला दिला. वस्तरा चालवताना गप्पांत रमलास, नजर इकडंतिकडं गेली, तर गिऱ्हाईकाचं नाक कापशील, गळाही कापशील. आणि 'थोडं थांब, आधी हे काम उरकतो, मग तासाभरानं प्रार्थना करतो' या विचारापासून तर फार जप, म्हणतो. त्या कामातून दुसरं निघतं आणि दिवस संपतो. याच पीटरनं त्याच वर्षी जेवणाच्या पंगतीत, दारूच्या अमलाखाली, स्वतःच्या जावयाला भोसकून मारलं. शिक्षा हद्दपारीवर निभावली. लोक पुस्तकाचं कौतुक करताना हे सांगायचं टाळतात. मला ते सांगावंसं वाटतं, कारण प्रार्थनेची पद्धत शिकली की माणूस मोहापासून सुरक्षित झाला, असा आपला एक समज असतो.

मोहाचं निघालंच आहे तर आणखी एक. त्याच्याशी वाद घालत बसू नकोस, उलट वचन फेक. मत्तय ४ मध्ये सैतान मोहात पाडायला आला तेव्हा प्रभूनं तिन्ही वेळा जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकातलीच वचनं वापरलीत, ८:३, ६:१६ आणि ६:१३. एकाही वेळी चर्चा नाही, स्पष्टीकरण नाही. इवाग्रियसनं याच धर्तीवर सुमारे ५०० वचनं आठ विचारांनुसार लावून ठेवली होती. तुला एवढी लागणार नाहीत. तुझा नेहमीचा एक मोह कुठला ते तुला माहीत आहे. त्याच्यासाठी एकच वचन पाठ कर, पण इतकं की चिडलेला असतानाही तोंडात येईल.

मन भरकटण्याबद्दल. भरकटणारच. लक्षात आलं की चरफडू नकोस. स्वतःवर रागावण्यात आणखी तीन मिनिटं जातात आणि ते भरकटणंच असतं. शेजारी कागद-पेन्सिल ठेव. टँकरचा फोन करायचाय? एक शब्द लिही आणि परत ये. तीच गोष्ट पुन्हा तिसऱ्यांदा आली, तर मग ती लांब ढकलू नको, तिचीच प्रार्थना कर. ज्या शेजाऱ्याशी पाण्यावरून भांडलास त्याचं नाव घे. पुष्कळदा तीच त्या सकाळची खरी प्रार्थना असते.

परत यायला एक लहान वाक्य हवं. जॉन कॅसियन या साधकानं इजिप्तहून पश्चिमेकडं नेलं ते सत्तराव्या स्तोत्राचं पहिलं वचन, देवा, माझ्या मदतीला धावून ये, या अर्थाचं. आजही मठांतल्या दिवसभराच्या प्रार्थना त्यानंच सुरू होतात. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांत 'प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर' हे म्हणतात, गाठी मारलेल्या लोकरीच्या दोरीवर, बहुधा शंभर गाठी. जकातदाराची हाक आणि यरीहोच्या आंधळ्याची हाक, लूक १८ मधल्या या दोन्ही त्यात आहेत. श्वासाशी जोडण्याचे प्रकार मात्र पुस्तकात वाचून करू नकोस. त्यांचे जाणकारही मार्गदर्शकाशिवाय ते करू देत नाहीत.

तू म्हणशील, व्यर्थ बडबड करू नका असं प्रभूनंच सांगितलंय. सांगितलंय, मत्तय ६ मध्ये. पण मत्तय २६:४४ ही काढून बघ: गेथशेमानेत तो तिसऱ्यांदा गेला आणि पुन्हा तेच शब्द बोलला. जास्त बोललो की देव ऐकेल, ही समजूत व्यर्थ. तेच शब्द पुन्हा म्हणण्यात काही वावगं नाही. तुकोबांच्या वाटेनं ख्रिस्ताकडं आलेल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या भजनांवर आपण वाढलो, आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही.

आणि रडगाणं गायलाही हरकत नाही. स्तोत्रसंहितेतली कितीतरी स्तोत्रं तक्रारीचीच आहेत. बहुतेकांत शेवटी कुठंतरी स्तुतीकडं वळण येतं. अठ्ठ्याऐंशीव्यात येत नाही, ते अंधारावरच संपतं, आणि तरीही पवित्र शास्त्रात आहे. कोरड्या आठवड्यात ते मोठ्यानं वाच. आपल्याकडं अशा वेळी उसनं 'हालेलूया' म्हणायची जी सवय लागलीय, तिच्यानं माणूस आणखी एकटा पडतो.

कोरडेपणा का येतो, याची इग्नेशियस तीन कारणं देतात. आपणच ढिलाई केलेली असते. किंवा गोडीचा मोबदला न मिळताही आपण किती टिकतो, ते कसाला लागतं. किंवा ही गोडी आपल्या हातची नव्हे, देणगी आहे, हे कळावं म्हणून. पहिलं तपासायला प्रार्थनेनंतर दहा-पंधरा मिनिटं घे, फेऱ्या मारत, आज कसं गेलं ते पाहा. कारण सापडलं तर दुरुस्त कर, नाही सापडलं तर उकरत बसू नकोस. स्पेनमधली संत, आविलाची तेरेसा, कित्येक वर्षं तास कधी संपतो याकडंच कान लावून बसायची, आणि सुमारे अठरा वर्षं हातात पुस्तक घेतल्याशिवाय प्रार्थनेला बसायचा तिला धीर होत नसे. तिनं ते स्वतःच लिहून ठेवलंय.

चौथं एक कारण मी जोडतो. झोप उडालीय, अन्न नको वाटतं, कशातच रस नाही, जगणं नको वाटतं, असं दोन आठवड्यांहून जास्त चालू असेल तर ते आधी डॉक्टरांना दाखव. तिथं जास्त प्रार्थना करायला सांगणं आणि भुतं काढत बसणं दोन्ही क्रूरपणा आहे. तसं असेल तर आजच फोन कर, पत्राची वाट बघू नकोस.

मध्यस्थीच्या, म्हणजे इतरांसाठी करायच्या प्रार्थनेच्या, यादीबद्दल थोडक्यात: तुझी यादी हजेरीपटासारखी झाली असणार. नावं सात वारांत वाटून टाक, रोज पाच-सहाच. आणि मागितलेलं मिळालं नाही की आपण कमी पडलो, असं धरू नकोस. पौलानं आपल्या देहातला काटा, म्हणजे एक सततचं दुखणं, जावा म्हणून तीनदा विनंती केली, काटा राहिला.

राहता राहिला मंडळी बदलायचा विचार. कोरड्या काळात आधी घेतलेला निर्णय बदलायचा नाही, हा इग्नेशियसांचा पाचवा नियम आहे आणि तो मला सगळ्यांत उपयोगी वाटतो. मंडळीत खरंच काही बिघडलंय असेलही. ते मन ताळ्यावर असतानाही बिघडलेलंच दिसेल. कारणं एका कागदावर लिही, तारीख घाल, घडी करून बायबलात ठेव, पुन्हा गोडी लागेल तेव्हा उघड. तोवर रविवारी त्याच बाकावर बस. शिवाय हे एका माणसाला तोंडी सांग. कॅथोलिक लोकांना त्यासाठी पापनिवेदनाची खोली आहे. आपल्याकडं याकोब ५:१६ आहे, एकमेकांजवळ पापं कबूल करा असं सांगणारं, पण ते वापरात नाही. तुझ्या पाळकांशी बोलायला अवघड वाटत असेल तर मी पुढच्या महिन्यात तिकडं येतोच आहे.

वहिनींना सलाम, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
मित्र