आशाताई, त्या दिवशी तुम्ही माझे केस विंचरलेत

आशाताई,

परवा तुम्ही धाकट्याचं वजन केलंत, कार्डावर लिहिलंत आणि चपला घालता घालता म्हणालात, "१५ महिने झाले बघ, आता ह्याच्यासाठी माझं घरी यायचं संपलं. पुढच्या लसीला उपकेंद्रात ये." तुम्ही सहज बोलून गेलात, पुढच्या घरी जायची घाई होती तुम्हाला, पण मला मात्र दार लावल्यावर एकदम भरून आलं. मला तोंडावर बोलता येत नाही, घशात अडकतं. लिहिता येतं, म्हणून हे लिहितेय. तुमचं नाव घालत नाही, तुम्हालाच आवडणार नाही ते. गावात घरोघरी आरोग्याचं काम बघणाऱ्या आशा तुम्ही, म्हणून सगळं गाव आशाताईच म्हणतं तुम्हाला, मीही तेच म्हणते.

धाकटा झाला तेव्हाचे दिवस तुम्हाला आठवत असतील की नाही माहीत नाही, तुमच्या वहीत अशी किती बाळं असतील. मला मात्र सगळं लख्ख आठवतंय. दसरा झालेला, द्राक्षाच्या छाटण्या सुरू झालेल्या. आपल्या भागात ऑक्टोबर छाटणीला घरात कोण थांबतं का? छाटणी झाली की पेस्ट लावायची, मग फुटवे काढायचे, मग डिपिंग, मग विरळणी, एकामागून एक कामं, एक दिवस चुकला तर वर्षाचं पीक जातं. सासूबाई आणि मामंजी उजाडताच बागेत, हे कुपवाडला एमआयडीसीत शिफ्टला. थोरलीच्या वेळी मी माहेरी होते, आईनं अंथरुणावरून उठू दिलं नव्हतं. ह्यावेळी आईचाच पाय मोडलेला, प्लास्टरमध्ये, म्हणून बाळंतपण सासरी. म्हणजे दिवसभर घरात मी, तीन वर्षांची थोरली, आणि हा.

घरातल्यांना मी दोष देत नाही. सासूबाई पहाटे उठून आळिवाची खीर करून, डिंकाचे लाडू डब्यात भरून मगच बागेत जायच्या, संध्याकाळी चिखलाच्या पायांनी आल्या की आधी बाळाला शेक द्यायच्या. त्यांचेही हाल होते. माझा राग आहे तो येऊन बसणाऱ्यांवर. बाळ बघायला म्हणून यायचे, पलंगावर ऐसपैस बसायचे, बाळ कुणावर गेलंय ह्याच्यावर अर्धा तास बोलायचे आणि मग माझ्याकडं बघत राहायचे, चहा कधी येतोय म्हणून. टाके ओले असताना मी ओट्याशी उभं राहून चहा केलाय त्या लोकांना! वर एक जवळच्या नात्यातल्या बाई म्हणाल्या, "तुझं बरंय बाई, घरीच असतेस, पोरं सांभाळायची एवढंच काम." लग्नाआधी मी पतसंस्थेत हिशेब बघायचे, बी.कॉम. आहे, थोरली झाल्यावर नोकरी सोडली. सोडली ती माझ्या मर्जीनं, त्याचं दुःख नाही. पण 'एवढंच काम' ऐकलं की आत कुठंतरी लागतं. २०२४ साली सरकारनं वेळेच्या वापराची पाहणी केली होती, त्यात जी माणसं घरकाम करतात त्यांच्यापुरतं बघितलं तर बायकांची घरच्यांसाठीची बिनपगारी घरकामं दिवसाला सरासरी २८९ मिनिटं आणि पुरुषांची ८८ मिनिटं निघाली. त्यात लेकरंबाळं, म्हातारीकोतारी सांभाळायचा वेळ धरलेलाच नाही, तो वेगळा. आकडे माझ्या पेशातले आहेत म्हणून लक्षात राहिले. त्या बाईंना कधीतरी दाखवायचेत.

आणि ते तालुक्याचे डॉक्टर. बाळ रडतंय, वजन भरत नाही वाटतं, म्हणून ह्यांच्या मागं गाडीवर बसून गेले. त्यांनी मान वर करून बघितलंसुद्धा नाही. "दूध पुरत नसेल, वरचं चालू करा," आणि चिठ्ठीवर डब्याचं नाव. बाळाला पाजताना बघितलं नाही, मला काही विचारलं नाही. आपल्या देशात १९९२ पासून कायदा आहे, बाळाच्या पावडरच्या दुधाची जाहिरात करायची नाही, आईच्या दुधाला प्राधान्य द्यायचं, आणि इथं दोन मिनिटांत डबा! तो डबा आणला गेला, महाग होता, फळीवर तसाच राहिला कारण दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात आणि म्हणालात, "आधी माझ्यासमोर पाज बघू." मग नुसती त्याची मान सावरलीत आणि तुमचा हात माझ्या कोपराखाली धरलात, "पोट पोटाला लागू दे त्याचं, नुसतं तोंड वळवू नको," आणि तो गटागटा प्यायला लागला. झोळीच्या काट्यावर दर वेळी थोडं थोडं वजन चढत गेलं. त्याबद्दलही आभार आहेतच. पण हे पत्र मी त्यासाठी लिहीत नाहीये.

हे पत्र केसांसाठी आहे.

बाळंतिणीचं डोकं बांधलेलं असतं, कानात वारं जाऊ नये म्हणून. सकाळी ओव्याची धुरी झाली की स्कार्फ गच्च आवळायचा तो रात्रीपर्यंत. केस माझे लांब, कमरेच्या खाली. आधी एक दिवस विंचरायचे राहिले, मग दुसरा, कारण हात मोकळेच नसायचे, एकाला पाजून खाली ठेवलं की दुसरीला शी, तिला धुवून आणलं की हा परत उठलेला. घाम, तेल, धुरी, स्कार्फची घासाघीस, आणि मानेजवळ केसांचा असा गठ्ठा झाला की त्यात बोट शिरेना. मला कळत होतं पण स्कार्फ काढायचीच भीती वाटायला लागली.

एक दिवस शेजारच्या आजी आल्या असताना स्कार्फ सुटला. त्यांनी मागून बघितलं आणि कपाळाला हात लावला. "अगं ही जट आलीया. देवीची हाय. कात्री लावू नको, सौंदत्तीला यल्लम्माकडं जाऊन ये." ताई, आपल्या सांगली-कोल्हापूरकडं ह्याचा अर्थ काय होतो हे तुम्हाला मी काय सांगणार. जट आली म्हणून ज्या पोरींना देवीला सोडलं, देवदासी केलं, त्यांच्या म्हाताऱ्या झालेल्या बायका अजून बाजारात दिसतात. आता त्याविरुद्ध कायदा आहे, अंनिसचे, म्हणजे अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे, कार्यकर्ते गावोगाव जाऊन जटा सोडवतात, हे सगळं मला माहीत. शिकलेली आहे मी. पण मध्यरात्री बाळ रडतंय, अंगात त्राण नाही, आणि डोक्यात ते शब्द फिरतायत, तेव्हा शिक्षण कुठं जातं कुणास ठाऊक. खरंच देवीचं काही राहिलं असेल का, त्यामुळंच बाळ रडत असेल का, इथपर्यंत माझं गेलं होतं. ह्यांना सांगितलं नाही, सासूबाईंना तर नाहीच. त्या आजीनं मात्र अख्ख्या गल्लीला सांगितलं.

तुमच्यापर्यंत आलं असणार ते, की योगायोगानं आलात, मी कधी विचारलं नाही. बाळाचा ताप बघितलात, वजन केलंत, वहीत लिहिलंत, आणि वही पिशवीत घालून मला म्हणालात, "स्कार्फ काढ." मी नको म्हणाले. तुम्ही काही बोलला नाहीत, नुसता स्वतःचाच पदर खोचलात आणि थोरलीला म्हणालात, "जा गं, तेलाची बाटली आण, आणि तुझा मोठ्या दातांचा कंगवा आण." ती पळत गेली. इतक्या दिवसांत तिला कुणी काम सांगितलं नव्हतं, नुसतं 'गप बस, बाळ झोपलंय' सांगितलेलं.

तेल वाटीत कोमट केलंत. मला खाली पाटावर बसवलंत, बाळ माझ्या मांडीवर, तुम्ही पलंगाच्या काठावर माझ्या मागं. आधी कंगवा नाहीच लावलात. नुसतं तेल त्या गठ्ठ्यात मुरवत राहिलात बोटांनी. मग टोकाकडून सुरुवात. एक बट सुटी करायची, मुळाशी एका हातानं घट्ट धरायची म्हणजे ओढ डोक्याला लागत नाही, आणि खालून कंगवा. थोरली तेलाची वाटी दोन्ही हातात धरून शेजारी उभी, तुम्ही मागितलं की पुढं करायची. मध्ये तुमचा फोन वाजला, तुमच्यावरच्या गटप्रवर्तक मॅडमचा होता, तुम्ही खांद्यात धरून म्हणालात, "बाळंतिणीकडं आहे मॅडम, वेळ लागंल." वेळ लागंल! बाळाचं तर सगळं तपासून झालं होतं. तो वेळ माझा होता.

मला रडू फुटलं. मी म्हटलं, "नाही रडायचं, दूध आटतं म्हणतात." तुम्ही हात न थांबवता म्हणालात, "रडून दूध आटत नाही. उपाशी राहून आणि झोप नसून माणूस आटतं. रड तू." आणि मग जरा वेळानं, अगदी हळू, पण रागानं म्हणालात, "देवीचं नाव कशाला लावायचं? पोरीला केस विंचरायला कुणी अर्धा तास पोर धरलं नाही, एवढंच झालंय."

ते वाक्य माझ्या मनावर कोरलं गेलंय ताई. किती दिवस मी जे पाप-पुण्य-कोप घेऊन बसले होते ते तुम्ही एका वाक्यात खाली उतरवलंत. मानेजवळचे बोटभर केस काही सुटेनात, ते तुम्ही मला विचारून कात्रीनं कापलेत, कागदात गुंडाळलेत आणि म्हणालात, "हे बघ, केसच आहेत." मग घट्ट वेणी घातलीत. थोरलीच्या दोन रबरांपैकी एक तिनं स्वतः काढून दिलं, गुलाबी, चेरी लावलेलं. जाताना दारातच सासूबाई भेटल्या तर त्यांना म्हणालात, "रोज संध्याकाळी अर्धा तास बाळ तुमच्याकडं, आणि ही एकटी." सल्ला नव्हता तो, औषधाची मात्रा सांगावी तसं सांगितलंत. आणि खरं सांगते, सासूबाईंनी ते पाळलं. आजपर्यंत पाळतात, बागेतून कितीही दमून आल्या तरी. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं इतकंच.

त्यानंतर मी तुमच्या कामाबद्दल थोडं वाचलं. २००५ पासून ही आशा योजना आहे, आणि तुम्ही कर्मचारीसुद्धा नाही, कागदावर स्वयंसेविका. ३ महिने, ६, ९, १२, १५, अशा ज्या भेटींना तुम्ही धाकट्यासाठी आलात त्यातल्या एका भेटीचा मोबदला ५० रुपये. ५० रुपयात आपल्याकडं दोन नारळ नीट येत नाहीत. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेनं देशभरातल्या आशांचा सन्मान केला तेव्हा सगळ्यांनी स्टेटस ठेवले, आणि २०२४ च्या सुरुवातीला तुम्ही लोकं मानधनासाठी आझाद मैदानावर थंडीत बसलात तेव्हा किती जणांनी विचारलं? माझे केस विंचरल्याचा तर वहीत रकानाच नाही. त्याचे तुम्हाला शून्य रुपये मिळाले, वर मॅडमची बोलणी बसली असतील ती वेगळीच.

पैशाचं बोलू नये असं म्हणतात पण मी हिशेब लिहिणारी आहे, मला हे खुपतं. चांगली माणसं चांगलीच वागणार म्हणून त्यांना कमी द्यायचं, ही कुठली रीत?

आणि चांगली माणसं आहेत, ते तुमच्यामुळं मला दिसायला लागलं. मिरजेच्या एसटीतले एक कंडक्टर आहेत, मी दोन पोरं घेऊन चढताना दिसले की डबल बेल द्यायच्या आधी थोरलीला स्वतः उचलून सीटवर ठेवतात. किराणा दुकानाचे काका, मी कडेवर पोर घेऊन आले की पिशवी घरपोच पाठवतात, कधी बोलून दाखवत नाहीत. ह्यातलं कुणी मोठं काही करत नाही. समोरच्या बाईला दोनच हात आहेत एवढं त्यांना दिसतं. तालुक्याच्या डॉक्टरांना, चहाची वाट बघत बसणाऱ्यांना ते का दिसत नाही हे मला अजून समजलेलं नाही.

गेल्या महिन्यात पलीकडच्या गल्लीत एक पोरगी बाळंत झाली, पहिलटकरीण, नवरा पुण्याला. मी बाळ बघायला गेले तेव्हा चहा घेतला नाही. बाळ मांडीवर घेतलं आणि तिला म्हटलं, जा, अंघोळ कर, डोकं विंचर, सावकाश ये. ती बघतच राहिली माझ्याकडं. थोरलीनं मोठ्या माणसासारखं तिला विचारलं, "तेल आणू का?"

तर ताई, येत्या रविवारी धाकट्याचं बोरन्हाण करतोय, दुपारी चारला. गेल्या वर्षी संक्रांतीला त्याला सर्दी झाली होती म्हणून राहिलं. हलव्याचे दागिने मी घरीच केलेत. बोरं, उसाचे करवे, चुरमुरे, गोळ्या सगळं आणलंय. हळदीकुंकूही तेव्हाच आहे. त्या दिवशी मोजमापाला नाही, पाहुणी म्हणून या. सूनबाईंना आणि नातवाला घेऊन या, आणि रात्रीचं जेवूनच जायचंय, सासूबाईंनी आत्ताच सांगून ठेवलंय की आशाताईंसाठी पुरणपोळ्या त्या स्वतः लाटणार आहेत. सुट्टीच्या दिवशी कुठं सर्व्हे वगैरे लागला तर उशिरा या, आम्ही थांबू.

तुमची,
खालच्या गल्लीतली, थोरलीची आणि धाकट्याची आई