फोन उचलणारं कुणी हवं

मा. संपादक,

लंडनमध्ये बॅरिस्टर होताना माझी प्युपिलेज, म्हणजे अनुभवी बॅरिस्टरच्या हाताखालची उमेदवारी, 12 महिन्यांची होती: पहिले 6 महिने नुसतं सिनियरमागे फिरायचं, पुढचे 6 देखरेखीखाली स्वतः उभं राहायचं. नंतर 3 वर्षांत 45 तासांचं प्रशिक्षण, त्यात किमान 9 तास कोर्टातल्या मांडणीचे, 3 नीतिनियमांचे. ते मी भरले. पण त्या 3 वर्षांत सल्ल्याला अनुभवी बॅरिस्टर सहज उपलब्ध हवा, हाही नियमच. माझा होता कागदावर! जामिनाच्या अर्जाआधी कोर्टाच्या जिन्यात मी फोन लावत राहिले, अशील खाली कोठडीत. शेवटी विरुद्ध बाजूच्या बाईंनीच कलम दाखवलं. (देव त्यांचं भलं करो.) बॅरिस्टरांवर देखरेख ठेवणाऱ्या बार स्टँडर्ड्स बोर्डाने तासांबरोबर हेही तपासावं.

— एक वाचक, लंडन